अनुभवाचा दाखला

शिक्का माझ्या खणात असतो.
गोल, जांभळा, एका कडेला झिजलेला.
त्यामुळे 'चिंगोमा मिशन हॉस्पिटल' मधलं शेवटचं अक्षर
कधीच उमटत नाही.
लीड्सहून अजून कुणी त्याबद्दल विचारलेलं नाही.

टियामिके निघाली तेव्हा दाखला मीच टाइप केला.
प्रसूती कक्ष, सहा वर्षं, वागणूक उत्तम.
वीज गेली त्या रात्री तिने मोबाईल दातांत धरला होता,
उजेड खाली पडेल असा,
आणि दोन्ही हात मोकळे ठेवले होते.
कागदावर त्याला रकाना नाही.

मग एनीफे गेली.
मग वायसन, भूल देणारा एकुलता एक.
त्याच्यामागे ऑपरेशनची खोली
कुलूप न लावताच बंद झाली.
आता अडलेली बाई
तळ्याकाठच्या रस्त्याने एकशे दहा किलोमीटर जाते,
गाडीत डिझेल असेल त्या दिवशी.
नसेल त्या दिवसाचं मी लिहीत नाही.
त्याची वही वेगळी आहे, मेट्रनच्या कपाटात.

ड्युटीचा तक्ता मात्र माझ्याकडे.
रेघा पट्टीने मारतो, रकाने पूर्वीइतकेच.
सोमवार रात्र: फलेसी.
मंगळवार रात्र: फलेसी.
पुढे नाव लिहायचाही कंटाळा येतो,
'वरीलप्रमाणे'ची खूण करत
शनिवारपर्यंत उतरतो.

झाडूवाली मोलीन हल्ली टाके घालते.
कुणी शिकवलं? बघून बघून शिकली.
टाके सरळ असतात तिचे.
पगार झाडूचाच आहे.

लोकांना कळतं, कुणी सांगावं लागत नाही.
आधी रांग फाटकापर्यंत यायची,
आता दुपारी बाकावर कोंबडी बसलेली असते.
तब्येती सुधारल्या, असं वरून आलेल्या साहेबांना वाटलं.
अहो, अंगावर काढतायत लोक.
ताप अंगावर काढतात, खोकला काढतात,
सातव्या महिन्यातलं रक्तसुद्धा,
उसिपा वाळत घातलेल्या मांडवांच्या सावलीत पडून.
अख्खा किनारा अंगावर काढतो आहे.

टियामिके रविवारी फोन करते.
तिकडे एका म्हाताऱ्याला आंघोळ घालते,
तो तिला आपली बहीण समजतो, हाक मारतो 'डोरा'.
ती ओ देते.
मग मला विचारते, सात नंबरच्या खाटेचं चाक बसवलं का हो?
बसवलं म्हणतो.
तिने पाठवलेल्या पैशांतून आईच्या घरावर पत्रा आला,
भाचा शिकतो आहे. कुठे?
नर्सिंगच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला.
परवा तो भेटून गेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट,
बोलताना नजर खाली.
मी चहा दिला
आणि मनातल्या मनात त्याचाही दाखला टाइप करून ठेवला.

काल मेट्रन कापूका आल्या.
दार लोटून घेतलं. बसल्या. एरवी बसत नाहीत.
एक टाइप करायचा आहे, म्हणाल्या.
कुणाचा?
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या,
तिथे पेशंटबरोबर आलेल्या बायका
तीन दगडांवर न्सिमा घाटत होत्या,
धूर सरळ वॉर्डात शिरत होता.

एकतीस वर्षं, मी आकडा टाइप केला.
वागणूक, इथे बोट थांबलं.
"उत्तम लिहा की," त्या म्हणाल्या,
"सगळ्यांना तेच लिहिता."

खाली सहीची रेघ, रेघेखाली आधीच छापलेलं: मेट्रन.
आम्ही दोघंही त्या रेघेकडे बघत बसलो.
नवीन मेट्रन येईपर्यंत थांबावं लागेल, मी म्हणालो,
आणि हसायला हवं होतं, पण कुणीच हसलं नाही.

तेवढ्यात वॉर्डातून मोलीनची हाक आली,
एकच, पण तशी.
त्या उठल्या, चप्पल इथेच राहिली,
या वयात इतकं पळता येतं मला माहीत नव्हतं.

कागद अजून मशीनमध्येच आहे.
शिक्का खणात.
शाईच्या डबीचं झाकण
रात्री मी मुद्दाम उघडं ठेवून गेलो.